घडीचा चाकू : धार आणि टिकाऊपणा यांचा मेळ

लोखंडाचा इतिहास लिहावयास बसलेल्या बहुतेक ग्रंथकारांची लेखणी तलवारीपासून निघते आणि तोफेपाशी येऊन थांबते. ज्या पात्याने राज्ये मिळाली ते पाते संग्रहालयात गेले. ज्या पात्याने कांदा चिरला, बोरू तासला, कलमाचा डोळा काढला आणि अडकलेल्या गुराचे दावे कापले, ते झिजून झिजून मोडीत गेले. त्याची नोंद कोणी ठेवली नाही. वास्तविक पाहता आपल्या ज्ञातीच्या बुद्धीची खरी कसोटी या लहान पात्यातच लागत आली आहे. तलवारीला एक धनी आणि एक काम असते. खिशातील चाकूला मात्र दिवसभरात वीस कामे करावी लागतात, आणि रात्री पुन्हा मिटून मुकाट्याने खिशात बसावे लागते.

या चाकूविषयी एक जुना प्रश्न आहे. पाते बारीक व कठीण केले तर ते सुरेख कापते; पण त्याला खांडे पडतात आणि एखादे दिवशी ते कडकन मोडते. तेच पाते जाड व मऊ ठेवले तर ते वर्षानुवर्षे मोडत नाही. पण कापतही नाही. धार हवी की आयुष्य हवे? दोन्ही हवी असतील तर कोणती किती? हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी ऐरणीवर कसा सोडविला आणि जगातील इतर कारागिरांनी कसा सोडविला, याचा थोडक्यात आढावा घेण्याचा या लेखाचा हेतू आहे. ज्ञातिबांधवांनी तो गोड मानून घ्यावा.

आमचा मुलूख

वारंगा फाटा हे काही इतिहासप्रसिद्ध स्थळ नव्हे. कळमनुरी तालुक्यातील हा एक तिठा. नांदेड-अर्धापुराकडून आलेला रस्ता येथे फुटतो. एक फाटा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीस जातो, तर दुसरा हदगाव-उमरखेडवरून यवतमाळाकडे वळतो. हा सारा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. पुढे १९९९ मध्ये परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. या तारखा सांगण्याचे कारण पुढे यावयाचे आहे. ज्या तेलंगी मुलखात जगप्रसिद्ध पोलाद तयार होत असे तो मुलूख आणि आमचा हा भाग कित्येक पिढ्या एकाच राज्यात नांदत होते.

या भागातील गावगाड्यात लोहाराचे स्थान पहिल्या ओळीचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे सविस्तर वर्णन आहे, ते आपल्यापैकी जाणत्या मंडळींनी अवश्य वाचावे. लोहाराने कुणब्याचा फाळ शेवटवावा, विळ्या-खुरप्यांना धार काढावी, गाडीच्या चाकास धाव चढवावी आणि सुगी झाल्यावर खळ्यावरून आपले धान्य न्यावे, अशी ही रीत होती.

या रीतीत पुष्कळ अन्याय होता व ती गेली हे बरेच झाले. तथापि तिच्यात एक गोष्ट अशी होती की तिचा विचार आजच्या कारखानदारांनीही करावा. बलुत्याचे धान्य वर्षाला ठरलेले असे. वस्तू किती वेळा मोडली यावर ते वाढत नसे. विळा मोडला की कुणब्याचे काम अडे आणि लोहाराचे काम वाढे. पण त्या वाढलेल्या कामाचा वेगळा दाणा पदरात पडत नसे. म्हणून वस्तू टिकावी यातच लोहाराचे हित होते. पण नुसती टिकून तरी काय उपयोग? न कापणारा विळा घेऊन कुणबी दर चार दिवसांनी लोहारसाळेच्या दारात उभा राहील! तेव्हा वस्तू टिकलीही पाहिजे, कापलीही पाहिजे आणि बोथटल्यावर घरच्या घरी दगडावर घासून पुन्हा धारेस आली पाहिजे, असा तिहेरी हिशेब त्या धान्याच्या सुपात दडलेला होता. आपल्या पूर्वजांचे शिक्षण या हिशेबाने केले.

घडीचा चाकू मात्र बलुत्याच्या कामात येत नसे. तो बाजारात अथवा जत्रेत रोख पैशाने घेण्याची वस्तू. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या ठिकाणी गिऱ्हाईक घडीभर उभे राहते, पात्यावरून अंगठा फिरविते, केस किंवा कागद कापून पाहते आणि पुढच्या गावी निघून जाते. सहा महिन्यांनी खीळ ढिली झाली वा पात्याला खांडे पडले, तर तो विक्रेता त्याला पुन्हा भेटेलच असे नाही. दुकानात दिसते ती धार. टिकाऊपणा कळावयास वर्ष जावे लागते. म्हणून रोखीच्या बाजाराचा ओढा नेहमी दिखाऊ धारेकडे राहिला, आणि गावच्या साळेचा ओढा टिकाऊपणाकडे. माझ्या मते घडीच्या चाकूचा सारा इतिहास या दोन ओढींच्या मधला आहे.

काठिण्य आणि चिवटपणा

तरुण वाचकांसाठी येथे थोडा शास्त्रविचार करणे अवश्य आहे. लोखंडात कर्ब नावाचे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले म्हणजे त्याचे पोलाद होते. घराच्या बांधकामातील साध्या सळईत कर्ब फार थोडा, शेकडा पाव भागाच्या आसपास असतो. ती कितीही तापवून पाण्यात बुडविली तरी धार धरण्याइतकी कठीण होत नाही. शेकडा अर्ध्या-पाऊण भागाच्या पुढे कर्ब गेला म्हणजे पोलाद ‘पाणी घेऊ’ लागते. ते लालबुंद तापवून एकदम निवविले की अतिशय कठीण होते. परंतु त्याच क्षणी काचेसारखे ठिसूळही होते. काठिण्य म्हणजे दुसऱ्या पदार्थाने ओरखडले न जाण्याचा गुण, आणि चिवटपणा म्हणजे आघात सोसून न तुटण्याचा गुण. एक वाढविला की दुसरा कमी होतो, ही यातील खरी अडचण आहे.

ही अडचण दूर करण्यासाठी लोहार दुसरा ताव देतो. पाणी दिलेले पाते घासून उजळ करावयाचे आणि मंद आचेवर पुन्हा तापवावयाचे. तापत असता त्याच्या अंगावर रंग चढू लागतात. साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिका हळदी रंग दिसतो, २५५ च्या सुमारास तपकिरी, २७५ ते २८० ला जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा. हळदी रंगावर थांबविलेले पाते कठीण राहते, निळ्या रंगापर्यंत नेलेले पाते कमानीसारखे लवचीक होते. वस्तऱ्याला फिका रंग, चाकूला हळदीपासून तपकिरीपर्यंत, आणि कमानीला निळा, असा हा क्रम आहे. ज्या माणसाजवळ उष्णतामापक यंत्र नव्हते, त्याने केवळ डोळ्यांनी वीस-पंचवीस अंशांचा फरक ओळखावा आणि नेमक्या क्षणी पाते विस्तवावरून उचलावे, याला विद्या म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? आपल्या साळा अंधाऱ्या का असत, याचेही उत्तर येथेच आहे. भर उन्हात तापल्या लोखंडाचा रंग ओळखता येत नाही.

विळा, कोयता, कुऱ्हाड यांच्या बाबतीत आपल्या मंडळींनी आणखी एक तोड काढली. सारे पाते पाण्यात न बुडविता केवळ धारेचा काठ बुडवावयाचा. धार कठीण होते, पाठ मऊ राहते. आघात पाठीने सोसावा व कापण्याचे काम धारेने करावे, अशी ही वाटणी आहे. एकाच अंगात दोन स्वभाव वसविण्याची ही कला जगातील अनेक देशांत स्वतंत्रपणे उदयास आलेली दिसते.

कोनसमुद्रमचे पोलाद आणि लंडनचा चाकू

आता आपल्या शेजारच्या मुलखाकडे वळू. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, गोदावरीच्या दक्षिणेस, कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. येथे मातीच्या मुशीत लोखंड घालून, तोंड लिंपून, भट्टीत दीर्घकाळ तापवून पोलादाच्या वड्या तयार करीत. इंग्रज लोक या जातीच्या पोलादाला ‘वूट्झ’ म्हणत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने लिहून ठेवले आहे की इराणात ज्या पोलादाची नक्षीदार पाती होतात ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. हेन्री वॉयसे या इंग्रज शास्त्रज्ञाने कोनसमुद्रमची रीत प्रत्यक्ष पाहिली होती. त्याचे निधन १८२४ साली झाले आणि त्याचे वर्णन १८३२ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. त्यात एक गोष्ट फार मार्मिक आहे. मुशीतून निघालेली वडी इतकी कठीण असे की ती ठोकली तर फुटे. म्हणून ती पुन्हा मातीने लिंपून कित्येक तास मंद तापवीत. आणि एवढ्याने ती नरम आली नाही तर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत. म्हणजे जगातील उत्तम पोलाद करणाऱ्या त्या कारागिरांचे निम्मे कौशल्य पोलाद कठीण करण्यात आणि उरलेले निम्मे त्याचा ताठा उतरविण्यात खर्ची पडत होते.

आता या पोलादाचा चाकूशी संबंध कसा आला ते पाहा. मुंबईस कंपनी सरकारच्या नोकरीत हेलेनस स्कॉट नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १७९४ मध्ये वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा करून १७९५ मध्ये निबंध वाचला. त्या परीक्षेच्या वेळी जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या नामांकित चाकू-हत्यारे करणाऱ्या कारागिराकडून त्या पोलादाचा लेखणी तासण्याचा एक लहान चाकू करून घेण्यात आला. हे पोलाद घडवावयास अवघड गेले. फार तापविले तर ते हातोड्याखाली फुटू लागे, म्हणून अंधारात जेमतेम लाल दिसेल इतक्याच तावावर ते ठोकावे लागले. पण तयार झालेला चाकू उत्तमोत्तम इंग्रजी पोलादाच्या तोडीस तोड कापू लागला. पुढे स्टोडार्ट आपल्या दुकानात वूट्झची हत्यारे अभिमानाने विकू लागला.

या स्टोडार्टच्या जोडीने १८१९ पासून पुढे काही वर्षे एका तरुण शास्त्रज्ञाने वूट्झचे पृथक्करण केले आणि पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले. त्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून त्याने आपल्या मित्रांना भेट दिले. त्या शास्त्रज्ञाचे नाव मायकेल फॅरडे. विजेच्या जनित्राचे तत्त्व ज्याने शोधले तोच हा. ज्ञातिबांधवांस सांगावयास मला विशेष आनंद होतो की फॅरडेचे वडील लोहार होते. घरची गरिबी, शिक्षण बेताचे, उमेदवारी पुस्तके बांधणाऱ्याकडे. अशा स्थितीतून तो मुलगा जगन्मान्य झाला. आपल्या वसतिगृहांतील व शाळांतील मुलांनी त्याचे चरित्र वाचावे.

शेफील्डचा धडा

इंग्लंडात शेफील्ड हे चाकूंचे माहेरघर. तेथील इतिहासात आपल्या प्रश्नाची दोन उत्तम उदाहरणे सापडतात. अठराव्या शतकात, १७४० च्या सुमारास, बेंजामिन हंट्समन या घड्याळे करणाऱ्या गृहस्थाने घड्याळाच्या कमानीसाठी चांगले पोलाद हवे म्हणून मुशीत पोलाद वितळविण्याची युक्ती काढली. पोलाद उत्कृष्ट निघाले. पण शेफील्डच्या चाकू करणाऱ्यांनी ते नाकारले. कारण काय, तर ते फार कठीण आहे, घडविण्यास त्रास होतो. मग हंट्समनने आपला माल फ्रान्सला विकावयास आरंभ केला. फ्रेंच चाकूंची कीर्ती वाढून गिऱ्हाईक तुटू लागले तेव्हा शेफील्डकरांचे डोळे उघडले. कारागिराला सोयीचे ते गिऱ्हाइकाला हिताचे असतेच असे नाही, हा यातील बोध आहे.

दुसरे उदाहरण १९१३ सालचे. हॅरी ब्रिअर्ली हा बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करीत असता त्याला न गंजणारे पोलाद सापडले. त्यात शेकडा सुमारे १३ भाग क्रोमियम होते आणि कर्ब मात्र फार थोडा, शेकडा पाव भागाच्या जवळपास. गंज नाही, डाग नाही, घासावयाचा त्रास नाही. पण आरंभी या पोलादाचे जे चाकू झाले ते धार धरीनात, तेव्हा लोक ब्रिअर्लीला ‘न कापणाऱ्या चाकूंचा जनक’ म्हणून हिणवू लागले! पोलाद अविनाशी झाले, पण ते चाकू राहिले नाही. पुढे कर्बाचे प्रमाण वाढवून आणि ताव बरोबर साधून ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. टिकाऊपणाच्या मागे लागून वस्तूचा मूळ धर्मच हरपतो तो असा.

घडीच्या चाकूची रचना

आता प्रत्यक्ष घडीच्या चाकूकडे पाहू. त्याचे मुख्य भाग चार : पाते, मूठ, पाते ज्यावर फिरते ती खीळ, आणि पाते उघडे अथवा मिटलेले धरून ठेवणारी पाठीची कमान. साध्या सुरीचे पाते मुठीच्या आत खोलवर गेलेले असते, म्हणून हाताचा सारा जोर तिला सोसतो. घडीच्या चाकूचा सारा जोर मात्र एका बारीक खिळीवर येतो. ही त्याची जन्मजात दुबळी जागा. तेव्हा घडीच्या चाकूने डबा उचकटणे, खिळा उपटणे, पाठीवर दगड मारून लाकूड फोडणे ही कामे करणाऱ्याने दोष कारागिरास देऊ नये.

यावरून रचनेचा एक महत्त्वाचा नियम निघतो. पाते कितीही जाड केले तरी चाकूचे बळ खिळीच्या बळाहून वाढत नाही. खीळ जेवढे सोसेल त्याहून जाड पाते करणे म्हणजे मोडक्या जोताच्या घराला सागवानी तुळई घालण्यासारखे आहे. त्या जाडीने मूठ बोजड होते, खिसा फाटतो आणि कापण्याचे काम तेवढे बिघडते. म्हणून घडीच्या चाकूचे पाते सुरीहून बारीकच असावे. पाठीकडून धारेकडे ते सरळ उतरत यावे. आणि अगदी काठाशी मात्र धारेला थोडा जाडसर कोन द्यावा, म्हणजे ती मुरडत नाही. पाते बारीक असल्याने चाकू पदार्थात सहज शिरतो आणि काठाच्या कोनामुळे धार तगते. दोन्ही गुणांचा मेळ घालण्याची ही सर्वांत स्वस्त युक्ती आहे. तिला पोलादाचा एक तोळाही अधिक लागत नाही.

आपल्या खेड्यांत या मेळाच्या दोन टोकांची उदाहरणे नेहमी डोळ्यांसमोर असत. एक नाभिक बंधूंचा वस्तरा. तोही घडीचाच. त्याचे पाते दोन्ही अंगांनी पोखरून इतके पातळ केलेले असते की नखाने वाजविले तर ते झणत्कारते. त्याला केसाखेरीज काही कापावयाचे नसते, आणि मुठीत मिटविण्याचा हेतूही ती नाजूक धार सांभाळणे हाच. त्याच वस्तऱ्याने सुतळी कापली तर धारेचा नाश झालाच म्हणून समजावे. दुसऱ्या टोकाला कोयता. ऊस आणि केळीचे घड तोडणाऱ्या या हत्याराला मार सोसावयाचा असतो. त्याने कोणी बोरू तासीत नाही. खिशातील चाकूची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. नेमकी कोठे, हे धन्याच्या कामावरून ठरते. बोरू तासणाऱ्या कुलकर्ण्याचा चाकू वस्तऱ्याकडे झुकणार. गुराख्याचा चाकू कोयत्याकडे. डोळा भरणाऱ्या माळ्याचा चाकू आणखी निराळा. त्याची धार बहुधा एकाच अंगाने काढतात, म्हणजे सालीचा छेद सपाट येतो आणि कलम धरते.

परदेशी कारागिरांनीही हीच वाट चोखाळली. स्वित्झर्लंडात कार्ल एल्सनर याने १८८४ मध्ये लहानसा कारखाना काढला व १८९१ पासून तो त्या देशाच्या सैन्याला घडीचे चाकू पुरवू लागला. त्या चाकूंचे पोलाद फार कठीण ठेवीत नाहीत. शिपायाला कोठेही बसून ते घासता यावे हा त्यातील विचार आहे. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये लाकडी मुठीचा अगदी साधा चाकू केला. त्याचे पाते फार बारीक असते, म्हणून तो सुंदर कापतो. उघडे पाते अचानक मिटून बोटे कापू नयेत म्हणून १९५५ मध्ये त्याला फिरती लोखंडी कडी बसविण्यात आली. पाते जाड न करता जोड सुरक्षित केला, हे येथे लक्षात घ्यावे.

आपल्या देशात घडीच्या चाकूचे नाव निघाले की लोकांना रामपूर आठवते. उत्तर प्रदेशातील त्या गावच्या कारागिरांचे कसब वादातीत आहे, आणि २०२३ मध्ये तेथील चौकात चाकूचे एक प्रचंड शिल्पही उभारण्यात आले. परंतु लांब पाते, खटक्याचा आवाज आणि सिनेमातील खलनायक यांमुळे त्या चाकूची कीर्ती धाक घालण्याची झाली. कापण्याची राहिली नाही. त्याचा परिणाम सर्वच चाकू करणाऱ्यांवर झाला. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधन आहे, आणि घरगुती व शेतीच्या कामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. हा भेद ज्ञातिबांधवांनी ध्यानात ठेवावा आणि आपला व्यवसाय सदैव कामाच्या चाकूचाच ठेवावा.

फाट्यावरचे पोलाद

रस्ते डांबरी झाले, एस. टी. व मालमोटारी धावू लागल्या, तसे आपल्या साळेतील पोलादही पालटले. पूर्वी पोलाद विकत आणावे लागे. आता ते मोडीत मिळू लागले. वारंगा फाट्यासारख्या तिठ्यावर तुटलेल्या कमानपाट्यांना काय तोटा? मालमोटारीच्या पाट्यात कर्ब शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक असतो. ते पोलाद अतिशय चिवट; कोयता, कुऱ्हाड, सुरी यांस उत्तम. पण त्याची धार फार काळ तीक्ष्ण राहत नाही. जुन्या कानशीचे पोलाद याच्या उलट. त्यात कर्ब शेकडा एक भागाहून अधिक. धार अशी धरते की बोट लावण्याची सोय नाही. पण दुसरा ताव नीट दिला नाही तर दगडावर पडताच दोन तुकडे होतात. म्हणून जाणता कारागीर घडीच्या चाकूचे पाते कानशीचे करील आणि तिला तपकिरी रंगापर्यंत उतरवील. कमान पाट्याच्या पोलादाची करून ती निळ्या रंगावर आणील. आणि पात्याचे खिळीजवळचे नाके पाण्याबाहेर ठेवून मऊ राखील, कारण भोकापाशी तडा गेला तर साराच चाकू फुकट जातो. एका चाकूत तीन ठिकाणी तीन स्वभाव! हे सारे ज्ञान ज्याच्या हातात आहे त्याला ‘अडाणी लोहार’ म्हणणाऱ्याने एकदा भात्यापाशी बसून पाहावे.

या कामात आपल्या भगिनींचा वाटाही नमूद केला पाहिजे. भाता ओढणे आणि घण घालणे ही कामे घराघरांतून स्त्रियांनी केली. फिरत्या घिसाडी बांधवांच्या बिऱ्हाडात तर रस्त्याच्या कडेला घण उचलणारी माउली आजही दिसते. आच किती वाढवावयाची आणि कधी थांबवावयाची हे भाता ओढणाराच ठरवितो. म्हणजे धारेचे अर्धे श्रेय तिचे आहे.

चाकूची परीक्षा कशी करावी, हेही येथे सांगून ठेवतो. पितळेच्या बारीक गुळगुळीत सळईवर धार हलकेच तिरपी दाबावी. काठ किंचित वाकून पुन्हा सरळ झाला तर पाणी बरोबर साधले आहे. वाकून तसाच राहिला तर पोलाद मऊ. खांड पडले तर फाजील कठीण. ही परीक्षा दुकानातील कागद कापून दाखविण्यापेक्षा शंभर पटींनी खरी आहे.

आजची स्थिती आणि आपले कर्तव्य

आज बाजारात परदेशातून आलेले, छापाच्या यंत्रावर कापलेले घडीचे चाकू अल्प किमतीस मिळतात. ते पहिल्या दिवशी चांगले कापतात, महिन्यात बोथटतात आणि घासले तरी पुन्हा धारेस येत नाहीत. शेतकऱ्याच्या हातातील कामही बदलले आहे. खताची प्लास्टिकची विणलेली पोती, ठिबकच्या नळ्या, मोटारीच्या वायरीवरचे आवरण हे पदार्थ सुतळीपेक्षा धारेला लवकर मारतात. म्हणजे चांगल्या चाकूची गरज संपलेली नाही, उलट वाढली आहे. ती ओळखून नव्या कामास योग्य असे पाते करणारा हात मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. साळा बंद झाल्या, मुले नोकरीस अथवा वेल्डिंगच्या कामास लागली. त्यात त्यांचा दोष नाही. पोटाला जे मिळवून देते तेच काम माणूस करतो.

केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्याच दिवशी, विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश असून काही दिवसांचे शिक्षण, पंधरा हजार रुपयांपर्यंत अवजारांचे साहाय्य आणि अल्प व्याजाने कर्ज अशी तिची रूपरेषा ठरविण्यात आली. पात्र बांधवांनी अशा साहाय्याचा संकोच न करता लाभ घ्यावा. परंतु अवजारांची पेटी मिळाल्याने रंग ओळखणारा डोळा मिळत नाही. तो डोळा ज्यांच्याजवळ आहे ते आपल्याच समाजातील वृद्ध आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. ते गेल्यावर कोणत्याही कचेरीतून ती विद्या परत आणता येणार नाही.

यास्तव मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन वृद्ध कारागिरांकडून पाणी देण्याच्या रीती, रंगांची नावे आणि कोणत्या कामास कोणते पोलाद याची माहिती लिहून घ्यावी. मोबाईलवर चित्रफीत काढणे आता कोणाही मुलास जमते. दुसरी, वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर जुन्या हत्यारांचे लहानसे प्रदर्शन मांडावे आणि एखादे पाते सर्वांसमक्ष घडवून दाखवावे. तिसरी, आपल्यातील जी मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांनी सुटीत आजोबांच्या शेजारी बसून त्यांच्या रंगांच्या बाजूला अंशांचे आकडे मांडावेत. आजोबांचा डोळा आणि नातवाचे मापकयंत्र एकत्र आले, तर या फाट्यावरही असा चाकू तयार होईल की तो शेतकऱ्याच्या नातवापर्यंत टिकेल.

शेवटी एवढेच की धार आणि टिकाऊपणा यांचा तंटा पोलादात कायमचा मिटणारा नाही. प्रत्येक पात्यागणिक तो नव्याने तोडावा लागतो, आणि तो तोडताना हे पाते कोणासाठी आहे व त्याने काय कापावयाचे आहे हे कारागिराला ठाऊक असावे लागते. आपले पूर्वज गिऱ्हाइकाला नावाने ओळखत होते, म्हणून त्यांचा निवाडा बहुधा बरोबर येत असे. तेवढी ओळख आपण राखली तरी पुष्कळ झाले. प्रभू विश्वकर्मा सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस आयुरारोग्य देवो, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.